करार संपला, डेटा टेपवरच राहिला: बॅकअप टेपच्या रिटेन्शन आणि डिस्ट्रक्शनचं एक प्रकरण

आमची कंपनी दुसऱ्या संस्थांची रेकॉर्ड सांभाळते, म्हणजे त्यांचे अर्ज, स्कॅन केलेली कागदपत्रं, पत्रव्यवहार, त्यावर चालणारं अ‍ॅप्लिकेशन, सगळं आमच्या सर्व्हरवर. मी तिथे बॅकअप आणि स्टोरेज बघतो. एका मोठ्या क्लायंटचा करार संपला, त्यांनी काम दुसरीकडे न्यायचं ठरवलं, डेटा त्यांना हँडओव्हर झाला, सर्व्हरवरून डिलीट झाला, आणि मग कराराच्या शेवटच्या पानांवरचं एक कलम समोर आलं: करार संपल्यापासून ९० दिवसांत क्लायंटचा सगळा डेटा "सर्व प्रतींसह" नष्ट करायचा आणि तसं सर्टिफिकेट द्यायचं.

अकाउंट मॅनेजरनी सर्टिफिकेटचा ड्राफ्ट तयार करून माझ्याकडे सहीला पाठवला. बॅकअप टीममधल्या एकाने आधीच सॉफ्टवेअरमध्ये जाऊन या क्लायंटच्या सगळ्या बॅकअप इमेज, म्हणजे टेपवरच्या बॅकअपच्या प्रती, हाताने एक्सपायर (मुदत संपलेल्या) केल्या होत्या, कन्सोलवर सर्च केलं तर त्या नावाचं काहीच दिसत नव्हतं. मी सही करायला थांबलो तर मॅनेजर म्हणाले, "अहो, कन्सोलवर काहीच दिसत नाहीये ना, मग हरकत काय आहे?" त्यांचं चुकत होतं असं नाही, त्यांना जे दाखवलं गेलं त्यावरून कुणीही हेच म्हणालं असतं. पण त्या कागदावर "नष्ट केला" असं लिहिलेलं होतं आणि आम्ही प्रत्यक्षात केलं होतं ते एवढंच की आमच्या यादीतून नाव खोडलं.

म्हणून स्क्रॅच पूलमधून (पूल म्हणजे टेपचा गट) एक टेप काढली, बारकोडच्या शेवटी एल६, म्हणजे एलटीओ या टेपच्या प्रकाराची सहावी पिढी, एलटीओ-६. सॉफ्टवेअरच्या मते ही टेप रिकामी, पुढच्या कुठल्याही जॉबला वापरायला मोकळी. ती ड्राइव्हमध्ये घालून इम्पोर्ट चालवला, म्हणजे टेपवरचेच हेडर वाचून कॅटलॉग (कुठला डेटा कुठल्या टेपवर याची यादी) परत बांधायचा. थोड्या वेळात क्लायंटच्या सर्व्हरचं नाव आलं, मग तारखा, मग फोल्डर. एक फोल्डर उघडून त्यातला एक स्कॅन केलेला अर्ज वेगळ्या, नेटवर्कपासून तोडलेल्या मशीनवर रीस्टोर केला. उघडला. अर्जदाराचा फोटो, पत्ता, सही, सगळं स्वच्छ वाचता येत होतं. त्याची प्रिंट काढायची गरज पडली नाही, मॅनेजरना स्क्रीनजवळ बोलावलं, त्यांनी बघितलं, आणि सर्टिफिकेटचा ड्राफ्ट त्याच दिवशी मागे घेतला. रीस्टोर केलेली फाइल आणि ते मशीन दोन्ही नंतर नीट वाइप केलं, कारण अशी तपासणी करताना आपण स्वतःच आणखी एक प्रत तयार करत असतो हे लोक विसरतात.

एक्सपायर म्हणजे नक्की काय होतं

सॉफ्टवेअर कुठलंही असो, रिटेन्शन, म्हणजे डेटा ठेवायची मुदत, संपलं की ते स्वतःच्या कॅटलॉगमधली नोंद काढतं. टेपला हात लावत नाही. टेप त्या वेळी लायब्ररीत आहे का ऑफसाईट व्हॉल्टमध्ये आहे का कुणाच्या कपाटात आहे, त्याला काही घेणं नसतं. बॅक्युला या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये तर हे अगदी उघड दिसतं: फाइल रिटेन्शन, जॉब रिटेन्शन आणि व्हॉल्यूम रिटेन्शन अशी तीन वेगळी घड्याळं, डिफॉल्ट ६० दिवस, १८० दिवस आणि ३६५ दिवस, आणि ही तिन्ही संपून व्हॉल्यूम (म्हणजे टेप) पर्ज झाला, त्याच्या नोंदी काढल्या गेल्या, तरी जोपर्यंत नवीन लिहायला टेप लागत नाही तोपर्यंत जुन्या टेपवर लिहायचं ते टाळतं. हे मुद्दाम केलेलं आहे, कारण बॅकअपवाल्याचं पहिलं काम डेटा वाचवणं आहे. कुणी चुकून रिटेन्शन कमी ठेवलं तरी टेप स्कॅन करून डेटा परत मिळावा, ही सोय आहे, आणि मी स्वतः त्या सोयीचा आधार घेऊन लोकांचा डेटा परत आणून दिलेला आहे. पण जी सोय रीस्टोरच्या दिवशी देवासारखी धावून येते तीच डिस्ट्रक्शनच्या सर्टिफिकेटला खोटं पाडते.

बरं, टेप पुन्हा वापरली गेली तर? इथे दुसरा गैरसमज आहे आणि तो जास्त खोलवर बसलेला आहे. ऑडिओ कॅसेटवर आधी पूर्ण बाजू भरून गाणी होती आणि तुम्ही सुरुवातीला दोन मिनिटं काहीतरी रेकॉर्ड केलंत तर पुढची गाणी तशीच राहतात, तसंच इथेही. टेपच्या सुरुवातीपासून नवीन जॉब लिहिला की जॉब जिथे संपला तिथे ड्राइव्ह एंड ऑफ डेटाची खूण टाकतो, आणि त्या खुणेच्या पुढे ड्राइव्ह वाचत नाही. वाचत नाही म्हणजे तिथे काही नाही असं नाही. डेटा रिकव्हरीवाल्या लॅब ही खूण ओलांडून पुढचं वाचून देण्याचं काम पैसे घेऊन करतात.

एलटीओमध्ये तर फीत नागमोडी लिहिली जाते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक रॅप, मग उलट दिशेने दुसरा. एलटीओ-६ मध्ये असे १३६ रॅप असतात आणि एकूण २.५ टीबी, म्हणजे एका रॅपमध्ये साधारण १८ जीबी. आमच्या रोजच्या इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त बदललेल्या डेटाच्या, जॉबपैकी कितीतरी ४० जीबीच्या आसपासचे. असा जॉब रिसायकल केलेल्या टेपवर पडला तर दोन रॅप आणि वर थोडं एवढंच भरतं, बाकीचे १३३ रॅप फितीच्या पूर्ण लांबीवर जसेच्या तसे जुन्या डेटासकट. त्यामुळे "ती टेप नंतर रोटेशनमध्ये वापरली" या वाक्याला मी पुरावा मानत नाही. किती भरली, शेवटपर्यंत भरली का, ते दाखवा.

एकाच टेपवर सगळ्यांचा संसार

आता टेप शोधायला घेतल्या. आमची रचना नेहमीचीच, आजोबा-वडील-मुलगा पद्धतीची: रोजचे इन्क्रिमेंटल दोन आठवडे, आठवड्याचा फुल पाच आठवडे, महिन्याचा १३ महिने, वर्षाचा ७ वर्षं. कागदावर छान दिसतं. पण कुणीतरी कधीतरी टेपची बचत व्हावी म्हणून एकाच टेपवर वेगवेगळी रिटेन्शन लिहायची परवानगी सेटिंगमध्ये चालू करून ठेवली होती, आणि स्पीड मिळावा म्हणून मल्टिप्लेक्सिंग पण चालू होतं, म्हणजे चार-पाच सर्व्हरचे प्रवाह एकात एक विणून एकाच वेळी टेपवर जातात.

याचा परिणाम दोन्ही बाजूंनी वाईट. एक म्हणजे, टेपवरची शेवटची इमेज एक्सपायर होईपर्यंत टेप मोकळी होत नाही. एका टेपवर कुठल्यातरी छोट्या सर्व्हरचा ३ जीबीचा वार्षिक बॅकअप होता, ७ वर्षांचा, आणि त्याच्या शेजारी या क्लायंटचा दोन टीबीच्या आसपासचा मासिक डेटा. कराराप्रमाणे, आमच्या स्वतःच्या पॉलिसीप्रमाणेसुद्धा, तो मासिक डेटा १३ महिन्यांत जायला हवा होता. पण शेजारच्या ३ जीबीने ती अख्खी टेप धरून ठेवली होती. रिपोर्ट काढला तर इमेज एक्सपायर्ड, पॉलिसी पाळलेली, सगळं हिरवं, आणि डेटा वर्षानुवर्षं व्हॉल्टमध्ये. दुसरं म्हणजे टेपच्या मधलाच एक तुकडा पुसता येत नाही. टेप हे सलग माध्यम आहे, मध्ये कुठेही लिहायला गेलात की तिथून पुढचं सगळं हातचं गेलं, आणि मल्टिप्लेक्स केलेलं असेल तर "मधला तुकडा" असं काही वेगळं नसतंच.

या प्रकरणातून मला जे सांगायचंय ते खरं तर एवढंच आहे. टेपच्या बाबतीत नष्ट करायचं एकक म्हणजे पूर्ण टेप, फाइल नाही, क्लायंट नाही, इमेज नाही. मग सांभाळायचं एककसुद्धा टेपच ठेवायला हवं. कुठला डेटा कुणाच्या शेजारी, कुठल्या पूलमध्ये लिहिला जातोय हे ठरवतानाच तो कधी आणि कसा नष्ट होणार हे ठरून जातं, नंतर बसून पॉलिसी लिहिल्याने काही बदलत नाही.

शोधताना तीन याद्या समोर ठेवल्या, सॉफ्टवेअरचा मीडिया रिपोर्ट, लायब्ररीतल्या स्लॉटची प्रत्यक्ष मोजणी, आणि व्हॉल्टवाल्यांकडची त्यांच्या ताब्यातल्या बारकोडची यादी. तिन्ही जुळत नव्हत्या. व्हॉल्टमध्ये असे बॉक्स होते ज्यांची परत यायची तारीख उलटून गेली होती पण कुणी मागवलेच नव्हते. सॉफ्टवेअरमध्ये काही टेप फ्रोझन म्हणून पडलेल्या, म्हणजे राइट एरर आल्यावर सॉफ्टवेअरने त्या बाजूला टाकलेल्या. फ्रोझन टेप रोटेशनमध्ये परत येत नाही, म्हणून तिच्यावरचा डेटा ओव्हरराइट व्हायची शक्यताच संपते, आणि बहुतेक ठिकाणी या टेप "खराब" म्हणून ड्रॉवरमध्ये पडून असतात. खराब टेप ही सगळ्यात जास्त लक्ष द्यायची टेप आहे. लिहिताना एरर आली म्हणून वाचताना येईलच असं काही नाही.

नष्ट करा आणि जपून ठेवा, एकाच टेपला

काम इथेच अडकलं, आणि हा भाग तांत्रिक नव्हता. या क्लायंटशी काहीच संबंध नसलेल्या एका वेगळ्या वादात लीगल विभागाने आधी होल्ड दिलेला होता: एका माजी कर्मचाऱ्याचे मेल असलेल्या टेप पुसायच्या नाहीत. आणि मेल सर्व्हरचा बॅकअप याच टेपवर, याच क्लायंटच्या डेटाशेजारी. एका कराराप्रमाणे ती टेप ९० दिवसांत संपवायची, दुसऱ्या बाजूला ती जपून ठेवायची.

होल्ड कसा पाळला जात होता ते बघितलं तर टेपवर लाल स्टिकर आणि एका माणसाच्या इनबॉक्समध्ये मेल. सॉफ्टवेअरला याचा पत्ता नाही. टेपच्या कोपऱ्यात राइट-प्रोटेक्टचा छोटा सरकवायचा खटका असतो, कुलपाचं चित्र असलेला, तोसुद्धा सरकवलेला नव्हता. म्हणजे यातली एखादी टेप चुकून लायब्ररीत गेली असती आणि तिचं रिटेन्शन संपलेलं असतं तर रात्रीच्या जॉबने तिच्यावर लिहून टाकलं असतं, कुठलाही इशारा न देता. सगळ्यात आधी ते केलं: खटके सरकवले, टेप लायब्ररीबाहेर काढल्या, सॉफ्टवेअरमध्ये होल्डचा वेगळा पूल करून त्यांचं रिटेन्शन अनंत केलं. होल्ड आधी, डिस्ट्रक्शन नंतर, हा क्रम कधीच उलटा करायचा नाही, कारण चुकून जास्त दिवस ठेवलेला डेटा नंतरही पुसता येतो पण पुसलेला परत आणता येत नाही.

बॅकअप टेप आणि कोर्ट या विषयावर सगळ्यात जास्त संदर्भ दिला जातो तो न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टातल्या झुबुलेक विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग या खटल्याचा. न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी २००३ मध्ये त्यात जे म्हटलं ते बॅकअपवाल्यांनी नीट समजून घ्यावं असं आहे. सर्वसाधारणपणे फक्त डिझास्टर रिकव्हरीसाठी असलेल्या, सहज वापरात नसलेल्या बॅकअप टेप नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणे रिसायकल करत राहायला हरकत नाही, पण वादातल्या मुख्य व्यक्तींचा डेटा नेमका कुठल्या टेपवर आहे हे कंपनीला ओळखता येत असेल आणि ती माहिती दुसरीकडे उपलब्ध नसेल तर त्या टेप जपायला हव्यात. त्या खटल्यात काही टेप गहाळ झाल्या होत्या, काही मेल डिलीट झाले होते, आणि पुढे ज्युरीने २००५ मध्ये २ कोटी ९० लाख डॉलरच्या वर रक्कम देण्याचा निकाल दिला. प्रत्येक देशात नियम वेगळे, त्यामुळे हा निकाल आपल्याला जसाच्या तसा लागू होतो असं कुणी समजू नये, पण यातला विचार उपयोगी आहे: सगळ्याच टेप गोठवून ठेवायची गरज नसते, पण नेमक्या कुठल्या टेप हे सांगता आलं पाहिजे, आणि ते सांगता येण्यासाठी कॅटलॉग शाबूत लागतो. आमच्याकडे हाताने एक्सपायर करण्याच्या घाईत कॅटलॉगच कापला गेला होता. सुदैवाने कॅटलॉगचा बॅकअप होता, तो वेगळ्या सर्व्हरवर रीस्टोर करून मग टेपनिहाय यादी काढली.

लीगलवाल्यांशी बसून बोलल्यावर मार्ग निघाला. त्यांना अख्खी टेप नको होती, मेल हवे होते. ते लागणाऱ्या मेलबॉक्स टेपवरून काढून वेगळ्या, फक्त होल्डसाठीच्या टेपवर लिहिल्या, दोन प्रती, हॅश (प्रत बदललेली नाही हे तपासायचा आकडा) काढून, कोणी काढल्या आणि कधी त्याची नोंद ठेवून. पण मूळ टेप सोडायची परवानगी त्यांनी समोरच्या पक्षाच्या वकिलाकडून लेखी आल्यावरच दिली, आणि ती येईपर्यंत ९० दिवस उलटून गेले. इथे तांत्रिक माणसाने घाई करू नये. समोरच्याला विचारल्याशिवाय मूळ टेप पुसली तर तुमची काढलेली प्रत कितीही बरोबर असली तरी संशय तुमच्यावरच येणार.

प्रत्यक्ष पुसणं

होल्डबाहेरच्या टेपमध्ये ज्यांच्यावर फक्त याच क्लायंटचा डेटा होता त्या सोप्या. मिसळलेल्यांवरचा बाकीच्यांचा, अजून रिटेन्शनमध्ये असलेला डेटा आधी नव्या टेपवर डुप्लिकेट केला, यावेळी प्रत्येक रिटेन्शनसाठी वेगळा पूल आणि मल्टिप्लेक्सिंग बंद. डुप्लिकेट झालेलं प्रत्येक व्हेरिफाय केलं आणि मगच जुनी टेप पुसायच्या रांगेत लावली. हे रटाळ काम आहे, ड्राइव्ह आठवडेच्या आठवडे अडकतात, रात्रीचे जॉब सांभाळून दिवसा करावं लागतं, आणि यात एकही मजेशीर क्षण नाही. पण दुसऱ्या क्लायंटचा जिवंत डेटा घालवून पहिल्याचा नष्ट केला तर त्याला काय अर्थ.

पुसण्याबद्दल टीममधल्या एका मुलाने विचारलं, "सर, सगळीकडे झिरो लिहून टाकू का? स्क्रिप्ट लगेच होईल." कल्पना डिस्कवर ठीक, टेपवर फसवी. टेप ड्राइव्हमध्ये हार्डवेअर कॉम्प्रेशन असतं आणि ते बहुतेक वेळा चालूच असतं. २.५ टीबी झिरो पाठवले तर ड्राइव्ह ते दाबून लिहितो, फितीच्या थोड्याशा भागातच सगळं मावतं, स्क्रिप्ट म्हणते पूर्ण लिहिलं आणि उरलेल्या फितीवर जुना डेटा जिवंत. एकतर कॉम्प्रेशन बंद करा नाहीतर दाबता न येणारा रँडम डेटा लिहा, आणि बाइट मोजून न थांबता ड्राइव्ह टेप संपली म्हणेपर्यंत लिहा. आम्ही ड्राइव्हची स्वतःची लाँग इरेज कमांड वापरली, जी पूर्ण फितीवरून जाते. शॉर्ट इरेज वापरू नका, ती फक्त खूण टाकून मोकळी होते. वेळ किती? एलटीओ-६ चा वेग १६० एमबी प्रति सेकंद, २.५ टीबीला सव्वाचार तासांच्या वर, एका टेपला. एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेच्या ८००-८८ या मार्गदर्शक दस्तऐवजाच्या डिसेंबर २०१४ च्या आवृत्तीतसुद्धा टेपच्या बाबतीत म्हटलंय की असं पूर्ण ओव्हरराइट करणं वेळेमुळे बहुतेक ठिकाणी परवडत नाही. आम्ही केलं कारण टेप नव्या होत्या आणि पुन्हा वापरायच्या होत्या.

जुन्या वार्षिक टेप मात्र एलटीओ-४. आणि इथे एक गोष्ट कळली जी आधीपासून पॉलिसीत असायला हवी होती. आमचे ड्राइव्ह एलटीओ-६ चे. एलटीओ-६ चा ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचतो, पण लिहितो फक्त एक पिढी मागचं. म्हणजे एलटीओ-४ टेप आम्हाला वाचता येत होत्या, रीस्टोर करता येत होत्या, आणि पुसता येत नव्हत्या, कारण पुसणं हेही लिहिणंच. ड्राइव्ह अपग्रेड करताना सगळे विचारतात जुन्या टेप वाचता येतील का. पुसता येतील का, हे कुणी विचारत नाही. एलटीओ-७ पर्यंतच्या दर अपग्रेडला एक पिढी अशी मागे राहते जिच्यावरचा डेटा तुम्ही उघडू शकता पण घालवू शकत नाही.

त्यांच्यासाठी डीगॉसिंग, म्हणजे जोरदार चुंबकीय क्षेत्राने पुसणं. एलटीओवर डीगॉसिंग म्हणजे टेपचा शेवट हे पक्कं धरून चाला. फितीवर कारखान्यात लिहिलेले सर्व्हो ट्रॅक असतात, त्यांच्याच आधाराने हेड जागेवर राहतं, डीगॉसर ते पण पुसतो आणि ड्राइव्हला ते परत लिहिता येत नाहीत. जुन्या काही प्रकारच्या टेप डीगॉस करून परत वापरता यायच्या, तीच सवय ठेवून एलटीओ "कोऱ्या करून आणा" म्हणून देणारे लोक अजून भेटतात. दुसरी अडचण तपासणीची: डीगॉस केलेली टेप ड्राइव्ह घेतच नाही, त्यामुळे ड्राइव्हने नाकारली म्हणजे डेटा गेला असा निष्कर्ष काढता येत नाही, सर्व्हो गेले एवढंच सिद्ध होतं. म्हणून डीगॉसरची ताकद त्या पिढीच्या टेपच्या कोअर्सिव्हिटीला (पुसायला किती चुंबकीय जोर लागतो त्याला) पुरेशी आहे का, मशीनची तपासणी शेवटची कधी झाली, हे कागद आधी मागितले.

आणि फ्रोझन टेप आणि डीगॉस केलेल्या, सगळ्या शेवटी श्रेडरमध्ये. विक्रेत्याने आधी सांगितलं की कार्ट्रिज चेपून देतो. ते नको म्हटलं. चेपल्यावर मोडतं ते प्लास्टिक, आतली फीत शाबूत राहते. एलटीओ-४ ची फीत ८२० मीटर आणि त्यावर ८०० जीबी, म्हणजे मीटरला जवळपास १ जीबी, सेंटीमीटरला १० एमबी. तुकड्यावरून फाइल जुळवणं प्रचंड अवघड आहे हे खरं, कारण डेटा एरर करेक्शनसकट पसरून लिहिलेला असतो, पण हातभर लांबीचे तुकडे बाहेर पडणाऱ्या श्रेडरला मी डिस्ट्रक्शन म्हणणार नाही. आमचा एक माणूस शेवटपर्यंत तिथे उभा राहिला आणि बारकोड टिक करत गेला.

एन्क्रिप्शन चालू होतं का, हा प्रश्न आतापर्यंत वाचणाऱ्यांच्या मनात आला असेल. एलटीओ-४ पासून ड्राइव्हमध्येच एईएस-२५६ एन्क्रिप्शन आहे, आणि आम्ही ते शेवटच्या दोनेक वर्षांत चालूही केलं होतं. एन्क्रिप्टेड टेपची की, म्हणजे किल्ली, नष्ट केली की टेप कुठेही असली तरी डेटा गेला, टेप मागवायलाच नको, कल्पना फार चांगली आहे. पण सगळ्या पूलना मिळून एकच की होती. ती नष्ट केली असती तर सगळ्या क्लायंटचे बॅकअप गेले असते. शिवाय तिच्या प्रती कुठे कुठे आहेत ते शोधलं तर की सर्व्हरवर, त्याच्या डीआर (डिझास्टर रिकव्हरी) जोडीदारावर, तिजोरीतल्या लिफाफ्यात, आणि कॅटलॉगच्या बॅकअपमध्ये, जो स्वतः टेपवर जातो. एका टेपवरच्या डेटाचा प्रश्न कीच्या चार प्रतींचा प्रश्न झाला. त्यामुळे यावेळी एन्क्रिप्शनचा फायदा एवढाच की वाहतुकीत टेप हरवली असती तर धोका कमी.

क्लायंटला काय कळवलं

मुदत संपायच्या आधीच क्लायंटला पत्र गेलं, अकाउंट मॅनेजरनीच लिहिलं आणि फार चांगलं लिहिलं. किती टेप नष्ट झाल्या, कुठल्या पद्धतीने, किती उरल्या आणि का, उरलेल्यांवर कायदेशीर होल्ड आहे, तोपर्यंत त्या कुलपात आहेत आणि त्यावरून कुणीही त्यांचा डेटा रीस्टोर करणार नाही. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने बॅकअपबद्दल साधारण हीच भूमिका घेतलेली आहे, की लगेच ओव्हरराइट करता येत नसेल तर डेटा वापराबाहेर ठेवा आणि तसं स्पष्ट सांगा. क्लायंट चिडेल असं सगळ्यांना वाटत होतं. त्यांच्या सिक्युरिटीवाल्या बाईंनी एकच प्रश्न विचारला आणि तो अगदी वर्मावर होता: उरलेल्या टेपवरून दुसऱ्या कुणाचा डेटा रीस्टोर करायची वेळ आली तर आमचा पण परत येईल, मग?

त्यासाठी आम्ही एक यादी सुरू केली, नष्ट करायच्या डेटाची, त्यात सर्व्हरची नावं आणि पाथ, प्रत्यक्ष माहिती काही नाही. अशा टेपवरून कुठलाही रीस्टोर झाला की तो पूर्ण झाला म्हणायच्या आधी ही यादी चालवायची आणि जे परत आलं ते काढायचं. रीस्टोरच्या चेकलिस्टमध्ये ही पायरी आता आहे आणि ड्रिलमध्ये तपासली जाते.

सर्टिफिकेट शेवटी दोन भागांत दिलं. प्रत्येक टेपचा बारकोड आणि कार्ट्रिजच्या मेमरी चिपमधला सिरियल नंबर, कारण बारकोडचं लेबल निघून दुसरीकडे चिकटू शकतं, चिपमधला नंबर नाही. पुढे पद्धत, वेळ, करणारा आणि बघणारा अशा दोन सह्या. होल्ड उठल्यावर उरलेल्या टेप पुढच्या लॉटमध्ये गेल्या आणि पुरवणी सर्टिफिकेट गेलं.

आता मिश्र रिटेन्शनची सेटिंग बंद आहे आणि ती चालू करायला दोन जणांची मंजुरी लागते. मोठ्या क्लायंटना स्वतंत्र पूल आणि स्वतंत्र एन्क्रिप्शन-की, टेप थोड्या जास्त लागतात, लागू देत. वार्षिक बॅकअप बंद करायचा वाद अजून चालू आहे. माझं मत ठाम आहे की ७ वर्षं ठेवायची ती रेकॉर्ड असतात, त्यांची जागा आर्काइव्हमध्ये, जिथे एकेक नोंद शोधता येते आणि काढताही येते. अख्ख्या सर्व्हरची टेप ७ वर्षं ठेवणं म्हणजे ज्याची गरज नाही तेही ७ वर्षं ठेवणं. फायनान्सवाल्यांना ती टेप जवळ असली की बरं वाटतं, त्यांची काळजी मी समजू शकतो, म्हणून त्यांच्याबरोबर बसून नेमकी कुठली रेकॉर्ड लागतात ती यादी करतोय. नवीन करारांमध्ये "सर्व प्रतींसह ९० दिवसांत" हे वाक्य आता जात नाही. त्याजागी लिहितो की चालू सिस्टिममधून ३० दिवसांत, बॅकअप टेपवरून जास्तीत जास्त १३ महिन्यांत, कायदेशीर होल्ड असेल तर तो उठेपर्यंत नाही आणि तसं क्लायंटला लेखी कळवून, आणि हे कलम असलेला प्रत्येक मसुदा सहीच्या आधी बॅकअप टीमकडे येतो.